मस्टँग कूपेची चाके: जुन्या गाडीत बदल कोणत्या क्रमाने करावेत

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली, आणि आज साठ वर्षे उलटून गेल्यावरही त्या पहिल्या पिढीच्या गाड्या, विशेषतः १९६५ आणि १९६६ सालच्या दोन दारांच्या कूपे, अमेरिकेत सहज विकत मिळतात. त्यांचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. जुन्या अमेरिकन कूपेवर काम शिकू पाहणाऱ्या नवख्या माणसाने म्हणूनच याच गाडीपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. मात्र गाडी दारात उभी राहिली की पहिली खरेदी बहुधा चाकांची होते, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच असते.

चाकांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. पैसे मात्र शेवटी खर्च करावेत. रिमचा किमान व्यास ब्रेक ठरवतात, नटांची संख्या ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा दांडा) आणि स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो खुंट) ठरवतात, आणि टायर किती रुंद बसेल हे गाडीची उंची ठरवते. या तिन्ही गोष्टी बदलायच्या असतील, तर आज अचूक बसणारे चाक सहा महिन्यांनी त्याच गाडीला बसेलच असे नाही. माझ्या १९६६च्या सहा सिलिंडरच्या कूपेसाठी मी जुने सामान विकणाऱ्या एका दुकानातून चार रिम घेतल्या होत्या. ‘मस्टँगच्याच आहेत’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे होते, परंतु त्या व्ही-८ गाडीच्या, पाच छिद्रांच्या होत्या आणि माझ्या गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, स्टड (नट ज्यांवर चढतात ते बोल्ट) चार होते. त्या रिम दोन वर्षे गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिल्या.

पहिली पायरी: आपली गाडी नेमकी कोणती, हे ओळखणे

बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या वरच्या कडेवर गाडीचा क्रमांक ठोकलेला दिसतो. त्याचे पहिले पाच अंक-अक्षर आपल्या कामाचे आहेत. समजा, क्रमांकाची सुरुवात ‘६टी०७सी’ अशी आहे. यातला ६ म्हणजे १९६६चे मॉडेल. त्यापुढचे अक्षर कारखान्याचे असते: एफ म्हणजे मिशिगनमधले डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातले सॅन होजे आणि टी म्हणजे न्यू जर्सीतले मेटचन. हा मेटचन कारखाना प्रत्यक्षात एडिसन गावाच्या हद्दीत, रूट १वर होता आणि २००४ साली तो बंद झाला. तिथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर किराणा भरायला जाणाऱ्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांच्या इतक्या जवळ या गाड्या तयार होत होत्या, हे कळले तेव्हा मला त्या ‘टी’ अक्षराबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटू लागला. पुढचे ०७ म्हणजे कूपे. ०८ असेल तर उघड्या छताची आणि ०९ असेल तर उतरत्या पाठीची फास्टबॅक. पाचवे अक्षर इंजिनाचे असते. टी म्हणजे २०० घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन, सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे २८९ घनइंची व्ही-८, ए म्हणजे त्याचेच चार नळ्यांचे रूप, आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे खास इंजिन. के अक्षराची गाडी हाती लागली असेल तर तिच्यात कोणताही बदल करू नये. ती मूळ रूपातच जपावी.

पाचवे अक्षर महत्त्वाचे, कारण सहा सिलिंडरच्या गाडीला चार स्टड येत आणि व्ही-८ गाडीला पाच. दोन्हींत स्टडच्या वर्तुळाचा व्यास ४.५ इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर असतो. तरीही नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. साठ वर्षांत कुणी इंजिन बदललेले असते, तर कुणी ॲक्सल. चाक काढावे, स्टड मोजावेत आणि अंतर मोजून खात्री करावी. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर थेट ११४.३ मिलिमीटर भरते. पाच स्टडमध्ये समोरासमोर कुणी नसते, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर मोजावे. ते सुमारे ६७ मिलिमीटर भरले पाहिजे.

चार स्टडची गाडी पाच स्टडची करता येते, पण ते एका दुपारचे काम नव्हे. सहा सिलिंडरच्या गाडीचे पुढचे स्पिंडल आणि टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारे दांडे) हलके असतात, मागचा ॲक्सलही लहान असतो. पुढे व्ही-८चे स्पिंडल, ब्रेक आणि त्यांना जुळणारे टाय रॉड, तर मागे आठ इंची गिअर असलेला अख्खा ॲक्सल बसवावा लागतो. फक्त चाकांची निवड वाढावी म्हणून हा खर्च करू नये. इंजिनाची ताकद वाढवायची असेल तरच तो सार्थकी लागतो. चार छिद्रांच्याही देखण्या रिम मिळतात. नमुने थोडे असतात, इतकेच.

दुसरी पायरी: पत्रा आणि गंज

या गाडीला वेगळी चौकट नाही. तळाचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून गंज हा इथे दिसण्याचा नव्हे, तर मजबुतीचा प्रश्न आहे. सर्वांत बदनाम जागा म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची जाळी आणि तिच्या आतला पन्हाळीसारखा भाग. त्यात पाने-कचरा साठतो, पाणी तुंबते, आतला पत्रा खाल्ला जातो आणि पावसाचे पाणी थेट पायांजवळ उतरते. परीक्षा सोपी आहे: बादलीभर पाणी त्या जाळीत हळूहळू ओतावे आणि दुसऱ्या माणसाने विजेरी घेऊन डॅशबोर्डखाली पाहावे. पाणी टपकले तर आधी ते काम करावे. तळाचा पत्रा, मागच्या लीफ स्प्रिंगच्या (पोलादी पाट्यांच्या) जोडांभोवतीची जागा आणि बॅटरीखालचा भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या विशेष बारकाईने तपासाव्यात. स्प्रिंगचा जोडच गंजलेला असेल तर नव्या रुंद टायरची वाढीव पकड त्या दुबळ्या पत्र्यावर येते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी: ब्रेक

१९६५ आणि १९६६च्या मस्टँगमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा होता. एखाद्या चाकापाशी गळती झाली, नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला, ज्यात एक जोडी गेली तरी दुसरी काम करते. जुन्या गाडीला हा दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवता येतो, आणि माझ्या मते या गाडीवर खर्च होणारा पहिला पैसा इथेच गेला पाहिजे. जिच्यात माणसे बसणार आहेत ती गाडी एका रबरी नळीच्या भरवशावर चालवू नये.

त्यानंतर पुढच्या चाकांना डिस्क लावायच्या की नाही, हे ठरवावे. व्ही-८ गाडीला मुळात दहा इंची ड्रम येत. फोर्डने पैसे जादा घेऊन पुढच्या चाकांसाठी केल्सी-हेजच्या चार पिस्टनच्या डिस्कही दिल्या होत्या. आज बाजारात सुमारे अकरा इंची डिस्कचे तयार संच मिळतात, तर कित्येक जण १९७५ ते १९८०च्या फोर्ड ग्रॅनडाचे स्पिंडल आणि डिस्क आणून बसवतात. डिस्क घ्यायच्याच असतील तर चाकांआधी घ्याव्यात, कारण डिस्कला चिमटीत पकडणारा कॅलिपर ड्रमपेक्षा बाहेर येतो आणि मूळच्या १४ इंची ड्रमवाल्या रिम त्यावर बहुधा बसत नाहीत. १५ इंची रिममध्येही आतल्या कडेचा आकार वेगवेगळा असतो. पुष्कळ विक्रेते आपल्या ब्रेकसंचाचा कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, रिमच्या आत धरून पूर्ण फिरवून पाहावा. रिमच्या पाकळ्यांना किंवा आतल्या भिंतीला पुठ्ठा टेकला तर ती रिम आपल्या कामाची नाही.

चौथी पायरी: गाडीची उंची

चाकांचे माप घेण्याआधी गाडी ज्या उंचीवर कायमची राहणार आहे तिथे ती आणून ठेवावी लागते. साठ वर्षे वापरलेल्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. त्यांवर माप घेतले आणि नंतर नव्या स्प्रिंगा घातल्या की सगळे आकडे चुकतात.

पुढच्या बाजूचा एक बदल नवख्यांनाही झेपण्याजोगा आहे. मस्टँगमध्ये पुढची गोल स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते. हा आर्म ज्या दोन बोल्टांनी पत्र्याला जोडलेला असतो त्यांची छिद्रे सुमारे एक इंच खाली नव्याने पाडली, तर वळणावर टायर रस्त्याला अधिक नीट टेकून राहतो आणि गाडीचे नाकही थोडे खाली येते. फोर्डमधले सस्पेन्शन अभियंता क्लाउस आर्निंग यांच्या नावाने हा बदल ओळखला जातो, आणि कॅरल शेल्बी यांच्या १९६५च्या जीटी ३५० गाड्यांत तो केलेला होता. छिद्रांचा साचा तयार मिळतो. स्प्रिंग मात्र केवळ त्या गाडीसाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरनेच दाबून काढावी. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि पहिल्या खेपेला अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय हे काम करूच नये.

अलाइनमेंट करणाऱ्याला, म्हणजे चाकांचे कोन जुळवणाऱ्याला, १९६५च्या पुस्तकातले आकडे देऊ नयेत. ते त्या काळच्या तिरप्या धाग्यांच्या टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरना कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) जास्त लागतो. सुमारे दोन ते तीन अंश धन कॅस्टर आणि अर्धा अंश ऋण कँबर (चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूला झुकाव) यांवर ही गाडी महामार्गावर सरळ आणि शांत चालते.

पाचवी पायरी: माप घेणे

हे काम सावकाश करावे. घाईने केलेले माप दुकानातल्या अंदाजाइतकेच निरुपयोगी असते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. चाक हबच्या ज्या सपाट भागाला चिकटते तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. तोच सपाट भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते ऑफसेट. रिमची रुंदी टायर बसतो त्या जागी मोजतात, त्यामुळे कडेपासून कडेपर्यंत ती सुमारे एक इंच जास्त भरते. ७ इंची रिम प्रत्यक्षात ८ इंच असते; तिची मध्यरेषा ४ इंचांवर येते. तिचे बॅकस्पेसिंग ४.२५ इंच असेल, तर ऑफसेट पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर धन झाला. बॅकस्पेसिंग जितके जास्त, तितके चाक गाडीच्या आत जाते. जितके कमी, तितके बाहेर येते.

हे गणित अशासाठी की नव्या गाड्यांच्या रिम पाहून नवखा माणूस मोहात पडतो. २००५ नंतरच्या मस्टँगचा बोल्टनमुना पाच स्टडच्या जुन्या गाडीसारखाच, ११४.३ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे ती रिम स्टडवर व्यवस्थित चढते. परंतु तिचा ऑफसेट ४५ मिलिमीटरच्या आसपास असतो. ८ इंची रिमला हा ऑफसेट म्हणजे सुमारे सव्वासहा इंचांचे बॅकस्पेसिंग झाले, आणि जुन्या कूपेच्या मागच्या बाजूला इतक्याच रुंदीची रिम पावणेपाच इंचांच्या आसपास बॅकस्पेसिंगने बसते. दीड इंच आत सरकलेले चाक लीफ स्प्रिंगवर जाऊन आदळते.

मोजताना गाडी सपाट जमिनीवर, मजबूत स्टँडवर ॲक्सलच्या खाली आधार देऊन उभी करावी, म्हणजे सस्पेन्शनवर गाडीचे वजन राहते. चाक काढून मागच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडावा. हबच्या सपाट भागापासून ओळंब्याच्या दोरीपर्यंत बाहेरची जागा मोजावी, आणि त्याच भागापासून आत सर्वांत जवळ येणाऱ्या वस्तूपर्यंत, म्हणजे लीफ स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर किंवा आतला पत्रा यांपैकी जे आधी लागेल तिथपर्यंत, आतली जागा मोजावी. दोन्हींतून किमान अर्धा इंच मोकळा सोडावा. राहिलेल्या जागेत टायरची फुगीर भिंत मावली पाहिजे, नुसती रिम नव्हे. २१५ रुंदीचा टायर सुमारे साडेआठ इंच जागा व्यापतो. डावी आणि उजवी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात. त्या काळी या गाड्या मिलिमीटरच्या हिशोबाने जोडल्या जात नव्हत्या, त्यामुळे दोन बाजूंत फरक निघतोच. ज्या बाजूला जागा कमी, ती बाजू निर्णय देते. मडगार्डची कड आत दुमडलेली असते आणि टायर बहुधा तिथेच घासतो. ती वर वळवून थोडी जागा मिळवता येते, पण रंग तडकू नये म्हणून पत्रा आधी गरम करावा लागतो.

पुढच्या चाकांना वळायचे असते, म्हणून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, आणि शक्य असेल तर स्प्रिंग काढलेली असताना चाक वर-खाली करून पाहावे. टायरचा कोपरा मडगार्डच्या पुढच्या खालच्या भागाला लागतो का, आणि रिमची आतली कड टाय रॉडच्या टोकाजवळ जाते का, या दोन जागा मुख्य.

सहावी पायरी: व्यास, रुंदी आणि टायर

या गाड्यांना जुन्या १४ इंची टायरचा एकंदर व्यास सुमारे २५ इंच पडत असे. नवे चाक कितीही मोठे घेतले तरी एकंदर व्यास त्याच्या जवळपास राहिला, तर स्पीडोमीटर खरे सांगतो आणि गाडीची चढणीची ताकद तीच राहते. २०५/७० आर १४ टायरचा व्यास ६४३ मिलिमीटर, २१५/६० आर १५चा ६३९ आणि २२५/४५ आर १७चा ६३४ मिलिमीटर असतो. म्हणजे तिन्हींत दीड टक्क्याहून कमी फरक आहे. हा हिशोब घरी करता येतो: टायरची रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमच्या व्यासाचे मिलिमीटर.

माझे मत विचाराल तर या कूपेला १५ बाय ७ इंचांची, सव्वाचार इंच बॅकस्पेसिंगची रिम सर्वांत शोभते. पुढे २०५/६० आणि मागे २१५/६० टायर बहुतेक गाड्यांना मूळ पत्रा न कापता बसतात, आणि टायरची भिंत पुरेशी उंच असल्यामुळे खड्ड्यांचा धक्काही सोसतो. १७ इंची चाकांसाठी टायरची निवड कितीतरी मोठी आहे, मोठ्या डिस्कही त्यांत मावतात. वेगाने वळणे घेण्याची ज्याला आवड आहे त्याने ती घ्यावीत. परंतु या गाडीच्या अंगाच्या रेषा लांब आणि सडपातळ आहेत, आणि त्याहून मोठे चाक घातले की तिचे प्रमाण बिघडते.

रिम कोणत्या पद्धतीने बनवली आहे तेही पाहावे. ओतीव ॲल्युमिनिअमची रिम सर्वसाधारण वापराला पुरते. घडीव रिम हलकी आणि चिवट असते, किंमतही तशीच असते. पोलादी रिम जड असते, पण वाकली तर दिसते, तडकत नाही. साठच्या दशकातला पाच पाकळ्यांचा, अमेरिकन रेसिंगचा टॉर्क थ्रस्ट हा नमुना आजही बनतो आणि या गाडीवर तो कधी चुकत नाही. दुकानात जाल तेव्हा मधले छिद्र पुढच्या हबच्या टोपीवर चढते का आणि रिमचे झाकण त्यावर बसते का, हे आवर्जून विचारा. मागचे चाक बसले आणि पुढच्याचे झाकण बसले नाही, असे पुष्कळांचे होते.

जुनी टायर रिमसह स्वस्तात मिळाली, तर भिंतीवरच्या डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल. नक्षी कितीही नवी दिसो, दहा वर्षांचे टायर रस्त्यावर आणू नये.

सातवी पायरी: बसवणे

चारही रिमवर टायर चढवून घेण्याआधी एकच रिम, टायरशिवाय, चारही जागी बसवून पाहावी. टायर चढवलेली रिम बहुतेक दुकाने परत घेत नाहीत. ड्रमच्या स्टडवर कारखान्यातून आलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या राहिल्या असतील तर त्या काढून टाकाव्यात, नाहीतर रिम सपाट टेकत नाही. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा.

नटांकडे दुर्लक्ष करू नये. काही रिमना साठ अंशांच्या निमुळत्या बैठकीचे नट लागतात, तर काही जुन्या घडणीच्या रिमना लांब मानेचे, चकतीवर बसणारे. एकाचा नट दुसऱ्याला लावला तर तो घट्ट लागल्याचा भास होतो आणि चालता चालता सैल होतो. पाच स्टडच्या गाडीचा स्टड अर्धा इंच जाडीचा, इंचाला २० आट्यांचा असतो. नट हाताने फिरवताना किमान दहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. त्याहून कमी बसत असतील तर लांब स्टड ठोकून घ्यावेत. बॅकस्पेसिंगची चूक भरून काढण्यासाठी स्टडवर नुसती सरकवलेली जाड स्पेसरची चकती घालू नये. तिने हेच फेरे कमी होतात.

नट ताऱ्याच्या क्रमाने, एकाआड एक, आणि टॉर्कच्या पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. अर्ध्या इंचाच्या स्टडला ८० ते ९० फूट-पाउंड पुरतात. हवेच्या गनने आवळलेले नट ॲल्युमिनिअमची बैठक चेपून टाकतात.

मग मडगार्डच्या आतल्या कडेला आणि आतल्या पत्र्याला खडू फासावा, मागच्या सीटवर दोन मोठी माणसे बसवावीत आणि घराजवळच्या रस्त्यावर, गतिरोधकांवरून आणि पूर्ण वळणांवरून, हळू फेरी मारावी. परत आल्यावर टायरच्या खांद्यावर खडू लागला आहे का ते पाहावे. लागला असेल त्या जागी पत्र्यावर खूण करून ती कड वळवावी आणि पुन्हा फेरी मारावी. पन्नास मैल झाल्यावर चारही चाकांचे नट, गाडी थंड असताना, त्याच पान्याने पुन्हा तपासावेत; नव्या ॲल्युमिनिअम रिमवर त्यांतले एखाद-दोन थोडे फिरतातच.